मूळ : अज्ञात

पाषाणला आमच्या शेडमध्ये
एक पोकळ पोलादी कडं आहे, छातीएवढं उंच.
दिवसातून बारा वेळा त्याच्या आत
तीनशे मिलिसेकंदांपुरता
सूर्याचा एखादा धाकटा चुलतभाऊ येऊन जातो.

लोक त्याचं तापमान विचारतात.
मग माझ्याकडे वळतात, तुमचं काम काय?
मी म्हणते, धूळ बघते.
आई नातेवाइकांना "शास्त्रज्ञ आहे" एवढंच सांगते,
पुढचं गिळते.

धूळ भिंतीचीच असते.
आगीनं भिंतीला शिवू नये म्हणून चुंबकांचा एवढा पहारा,
तरी कुठंतरी टंगस्टनचा पापुद्रा सुटतो,
केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा,
आत शिरतो, तापतो, विद्युतभार घेऊन पळत सुटतो.
असे फार झाले की
दुधात मिठाचा खडा पडावा तशी
आग नासते.

कॅमेरा सेकंदाला वीस हजार चित्रं घेतो.
काळ्यावर एक पांढरी वाकडी रेघ,
तो कण.

मार्चमध्ये एक सापडला, जो हलतच नव्हता.
शॉट ४११२, ४११३, ४१२०,
उजव्या कोपऱ्यात, हट्टी, मुकाट.
लेझर पडला की चमकायचा.
मी बलं मांडली, वरची, खालची, वाऱ्यासारखी ढकलणारी,
त्यांचा तोल नेमका जुळवून आणला
(तोल जुळवायचाच म्हटलं तर जुळतो),
आणि चौदा पानं लिहिली : एका स्थिर कणाविषयी.
सात आठवडे. शिवाय दोन रविवार.

गफूरभाई तांबोळी मंगळवारी-शुक्रवारी येतात,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
आमच्या काचा आणि गॅस्केटं सांभाळतात.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
पडद्याला नाक लावलं.
"मॅडम, हा आतला नाय.
हा युनिव्हर्सिटी चौकातला."

फ्लॅनेलचा तुकडा, स्पिरिटचे तीन थेंब,
खिडकीच्या काचेवर एक गोल हात.
शॉट ४३९१ : कोपरा काळाभोर.
मेट्रोच्या खड्ड्यातून उडालेलं काहीतरी
माझी चौदा पानं घेऊन फडक्यात गेलं.

"आमच्याकडं धूळ दिसली," फडक्याची घडी घालत ते म्हणाले,
"तर पगार नाय कापायचे. हातच जायचा."

जुलैत कडं उघडलं.
फिल्टर लावून तळ ओढला, टेपवर कण चिकटवले,
सूक्ष्मदर्शकाखाली पहिला आला तो थेट फ्लॉवरचा गड्डा,
मांजरीच्या मळ्यातून आल्यासारखा.
टंगस्टन. लोखंड. क्रोमियम. थोडा ऑक्सिजन.
आणि बाजूला एक टोक, बुटकं, स्वच्छ :
कॅल्शियम.

कॅल्शियम आम्ही कुठंच वापरलेलं नाही.

खिडकीतून गेट दिसतं.
गेटबाहेर सायकलींच्या रांगेपाशी गफूरभाई,
डाव्या तळव्यावर तंबाखू,
उजव्या अंगठ्यानं चुना मळत, घाई नाही.
हातमोजे ते दोन-दोन घालतात. एकावर एक.
मी स्वतः पाहिलंय.

फॉर्मवर एक चौकोन असतो, "मूळ".
कर्सर तिथं लुकलुकत राहिला.
वरचे साहेब विचारतील, कुणी लावला आपल्याला हा चुना?
आणि हसतील, स्वतःच्याच विनोदावर.

कॅल्शियम भिंतीच्या रंगात असतं.
नळाच्या पाण्यात असतं, माझ्या नखात असतं.
मी टाइप केलं : अज्ञात.
चौदा पानांनंतर
मला तो शब्द जमायला लागलाय.

शुक्रवारी त्यांनी विचारलं, काय निघालं?
फ्लॉवर, मी म्हणाले.
ते हसले.
नंतर नळाखाली बराच वेळ अंगठा घासत होते,
की मलाच तसं वाटलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा निर्वात, पुन्हा शॉट.
डावीकडून एक रेघ आली,
मध्येच वळली, जणू काही विसरलं होतं,
आणि तीन मिलिसेकंदांत
भिंतीत परत.

गफूरभाई मागे उभे होते, हात पाठीशी.
"हा आतला," ते म्हणाले.